घटक ४ : घोडा, तलवार आणि संवाद – प्रारंभीच्या बोलपटातील स्टंटपटाची भाषा

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास –

• मूकपटाकडून बोलपटाकडे झालेल्या स्थित्यंतराचे भाषिक परिणाम सांगता येतील.
• कमी खर्चाचा अमेरिकन वेस्टर्न चित्रपट आणि मुंबईतील स्टंटपट यांच्या संवादभाषेची तुलना करता येईल.
• मराठीतील आज्ञार्थाची रूपे आणि सामाजिक दर्जा यांचा संबंध उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• ‘उच्चारदोष’ या कल्पनेची भाषावैज्ञानिक चिकित्सा करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चित्रपटाच्या भाषेचा विचार करताना अभ्यासक सहसा संवादांमुळे गाजलेल्या चित्रपटांकडे वळतात. ते स्वाभाविकही आहे. परंतु भाषेचे स्वरूप जसे ती विपुल असते तेथे कळते, तसेच ती मोजकी असते तेथेही कळते. ज्या चित्रपटांत घोडदौड अधिक आणि बोलणे कमी, ज्यांना समीक्षेने फारशी प्रतिष्ठा दिली नाही, अशा चित्रपटांची भाषा आपण या घटकात पाहणार आहोत. अमेरिकेत अशा चित्रपटांचा एक मोठा वर्ग ‘वेस्टर्न’ या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे ‘स्टंटपट’ होय.

या विवेचनाच्या मुळाशी एक प्रश्न आहे. १९३१ साली भारताचा पहिला बोलपट तयार झाला, तेव्हा त्याच्या मराठी नायकाचे हिंदुस्थानी उच्चार पुरेसे चांगले नाहीत असे ठरले आणि त्याला पडद्यावर बराच काळ जवळजवळ अबोल ठेवण्यात आले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९३५ साली, ऑस्ट्रेलियात जन्मलेली आणि हिंदुस्थानी परकी वळणाने बोलणारी एक अभिनेत्री स्टंटपटाची सर्वांत लोकप्रिय नायिका झाली. दोघांच्याही बोलण्यात त्या काळाच्या मापाने उणीव होती. मग एकाची उणीव अडसर का ठरली आणि दुसरीची का ठरली नाही?

हा प्रश्न केवळ चित्रपटाच्या इतिहासाचा नाही. श्रीगोंदा, कर्जत, पारनेर या परिसरातून आलेले अनेक विद्यार्थी तोंडी परीक्षेत किंवा मुलाखतीत उत्तर ठाऊक असूनही गप्प राहतात. आपले ‘पानी’ आणि ‘व्हतं’ ऐकून समोरचा हसेल, ही धास्ती त्यामागे असते. तेव्हा बोलण्यातील दोष म्हणजे काय आणि तो कोण ठरवतो, हे नीट समजून घेणे आपल्या दृष्टीने अगत्याचे आहे.

४.३ विषय विवेचन

४.३.१ मूकपट : देह हीच भाषा

प्रथम एका शब्दाकडे लक्ष द्या. ‘मूकपट’ हा शब्द मूकपटांच्या ऐन काळात आवश्यक नव्हता. तेव्हा जो होता तो चित्रपटच. ‘बोलपट’ आला आणि मग आधीच्या चित्रपटाला वेगळे नाव देण्याची गरज पडली. नवी वस्तू जुन्या वस्तूचेही नाव बदलते, याचे हे चांगले उदाहरण आहे. या बदलाबरोबर मूल्यही बदलले, हे ध्यानात घ्या. काल जो नुसता ‘चित्रपट’ होता, तो आज ‘मूक’ म्हणजे काहीतरी कमी असलेला ठरला.

वस्तुतः मूकपट भाषाविहीन नव्हता. आपल्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य असे चार प्रकार सांगितले आहेत. मूकपटाने त्यांपैकी वाचिक अभिनय पडद्यावरील लिखित पाट्यांकडे सोपवला. या पाट्यांवर पुष्कळदा एकाहून अधिक भाषा आणि लिप्या असत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी प्रेक्षकांतील कोणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी. परिणामी एकच चित्रपट मुंबईत, लाहोरात आणि एखाद्या गावच्या जत्रेतील तंबूतही चालू शके. नायक कोणत्या प्रांताचा, त्याचे उच्चार कसे, हे प्रश्न उद्भवत नसत.

या काळातील साहसी नायकांमध्ये मास्टर विठ्ठल यांचे स्थान फार वरचे होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांची उमेदवारी झाली. पुढे मुंबईच्या शारदा कंपनीच्या चित्रपटांतून तलवारबाजी आणि धाडसी उड्या करणारा नायक म्हणून ते देशभर गाजले. ‘भारताचे डग्लस फेअरबँक्स’ असे त्यांना म्हटले जाई. फेअरबँक्स हा ‘द मार्क ऑफ झोरो’ (१९२०) या चित्रपटाने जगभर पोहोचलेला अमेरिकन नट होता. ही तुलना भाषेवर आधारलेली नव्हती, देहाच्या चपळाईवर आधारलेली होती. म्हणूनच ती शक्य झाली.

४.३.२ १४ मार्च १९३१ : आवाजाची कसोटी

अर्देशीर इराणी दिग्दर्शित आणि इम्पीरियल फिल्म कंपनी निर्मित ‘आलम आरा’ हा बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याचे मूळ जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकात होते. संवाद हिंदुस्थानीत होते आणि गाणी सात होती. स्टुडिओजवळून रेल्वे जात असल्याने गाड्यांचा आवाज टाळण्यासाठी बरेचसे चित्रण रात्री करावे लागले. ध्वनिग्रहण चित्रणाबरोबरच होत असे. म्हणजे नटाने उच्चारलेला शब्द तोच आणि तसाच प्रेक्षकाच्या कानी जाणार होता. नंतर दुसऱ्याचा आवाज भरून घेण्याची सोय नव्हती.

नायकाच्या भूमिकेसाठी मास्टर विठ्ठल यांची निवड झाली. त्यांनी आपला आधीचा करार मोडला म्हणून जुन्या कंपनीने दावा लावला आणि विठ्ठल यांच्या बाजूने बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले. एका नटासाठी एवढे घडले, यावरून त्यांच्या लोकप्रियतेची कल्पना येते. तथापि प्रत्यक्ष बोलपटात त्यांचे हिंदुस्थानी उच्चार अपुरे वाटले. त्यामुळे त्यांची व्यक्तिरेखा बराच काळ अर्धवट शुद्धीत, जणू भारावलेल्या अवस्थेत दाखवण्यात आली.

या घटनेचा भाषिक अर्थ पाहू या. ‘आलम आरा’ हा पारसी रंगभूमीच्या परंपरेतील राजकुमार आणि राण्यांचा कथापट होता. अशा कथेत नायकाचे नायकपण मुख्यतः वाणीतून सिद्ध होते. प्रेमाची कबुली, नशिबाची तक्रार, शत्रूला दिलेले आव्हान हे सारे लांब आणि अलंकृत वाक्यांतून येते. त्या वाक्यांना उर्दूची लय आणि विशिष्ट व्यंजनांचे काटेकोर उच्चार अपेक्षित असतात. म्हणजे विठ्ठल यांना बोलता येत नव्हते असे नव्हे. त्या प्रकारच्या चित्रपटाला हवे तसे बोलणे त्यांच्यापाशी नव्हते, एवढेच. हा भेद या घटकाचा कणा आहे.

४.३.३ अमेरिकेतील उदाहरण : थोडे बोलणारा घोडेस्वार

ध्वनी आल्यावर घोड्यावरच्या नायकाचे काय करायचे, हा प्रश्न अमेरिकेलाही पडला होता. १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘द जाझ सिंगर’ प्रदर्शित झाल्यानंतर हॉलिवूड वेगाने बोलपटाकडे वळले. सुरुवातीच्या ध्वनियंत्रणेत कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून कॅमेरा बंद खोक्यात ठेवावा लागे. मायक्रोफोन एका जागी असे, म्हणून नटही त्याच्या आसपास खिळलेले असत. वेस्टर्नचा प्राण मात्र मोकळ्या माळावरील गतीत होता. ‘इन ओल्ड अ‍ॅरिझोना’ या चित्रपटाने १९२८–२९ च्या सुमारास मोकळ्या जागेत ध्वनिमुद्रण करता येते हे दाखवून दिले. १९३० साली ‘द बिग ट्रेल’ हा भव्य वेस्टर्न निघाला. जॉन वेन या तरुण नटाची ती पहिली मोठी भूमिका होती. चित्रपट आर्थिकदृष्ट्या अपयशी ठरला आणि वेनला पुढची काही वर्षे कमी खर्चाच्या चित्रपटांत काढावी लागली.

अशा चित्रपटांपैकी ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’ (१९३३) हा आपल्या अभ्यासासाठी घेऊ या. मोनोग्राम या लहान कंपनीने वितरित केलेल्या, लोन स्टार मालिकेतील या चित्रपटाचे दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी होते. लांबी तासाभराहूनही कमी आहे. आर्थिक मंदीच्या त्या काळात एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत रूढ झाली होती आणि असे छोटे चित्रपट त्या जोडीसाठी थोड्या दिवसांत, थोड्या पैशांत तयार होत.

कथानक आपल्या तालुक्यातील कोणाही शेतकऱ्याला चटकन उमगेल असे आहे. किंकेड नावाचा एक बलिष्ठ माणूस खोऱ्यातील पाण्यावर कब्जा करतो आणि पाणी तोडण्याची भीती घालून शेतकऱ्यांना कोंडीत पकडतो. सरकारचा गुप्त प्रतिनिधी असलेला नायक सँडी तेथे येतो. तो युक्तीने त्या माणसाच्याच हातून एक विहीर सुरुंगाने उडवून घेतो आणि भूगर्भातील पाणी सर्वांसाठी मोकळे होते. घोड आणि कुकडीच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या गावांना पाण्याचे हे राजकारण परके वाटू नये.

आता भाषेकडे पाहा. या चित्रपटात माहिती देणारे संवाद आहेत, पण कथा पुढे जाते ती कृतीने. पाठलाग, घोड्यावरून झेप, मारामारी हे तिचे टप्पे आहेत. याकिमा कॅनट या कसबी घोडेस्वाराने धाडसी प्रसंग केले आहेत. वाक्ये आखूड, शब्द रोजच्या वापरातले. जॉन वेनची व्यक्तिरेखा गाणारी आहे, पण ते गाणे दुसऱ्याच्या आवाजात आहे. म्हणजे दोनच वर्षांपूर्वी विठ्ठल यांना जी सोय मिळाली नाही, ती येथे गाण्यापुरती मिळाली. बोलण्यासाठी मात्र वेनला उसन्या आवाजाची गरज पडली नाही, कारण त्या नायकाकडून वक्तृत्वाची अपेक्षाच नव्हती. उलट कमी बोलणे हा त्याच्या स्वभावाचा गुण मानला गेला. एका चित्रप्रकारात जो अबोलपणा झाकावा लागला, तोच दुसऱ्या चित्रप्रकारात व्यक्तिमत्त्वाचे लक्षण झाला.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) ‘मूकपट’ हा शब्द केव्हा आवश्यक ठरला?
(आ) ‘आलम आरा’चे बरेचसे चित्रण रात्री का झाले?
(इ) ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’ या चित्रपटातील संघर्ष कशाभोवती आहे?

४.३.४ ‘हंटरवाली’ : हुकूम देणारी नायिका

अमेरिकन साहसपटांचा प्रभाव मुंबईत आधीपासून होता. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या बंधूंनी फेअरबँक्सचे चित्रपट आणि अमेरिकन मालिकापट यांच्या धर्तीवर मूकपटाच्या अखेरच्या काळात साहसपट काढले होते. पुढे त्यांनी वाडिया मूव्हीटोन ही संस्था स्थापन केली. होमी वाडिया दिग्दर्शित ‘हंटरवाली’ हा बोलपट १९३५ साली आला. तिची नायिका नादिया हिचे मूळ नाव मेरी इव्हान्स. जन्म १९०८ चा, ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरातला. लहानपणीच ती मुंबईत आली. सर्कस आणि रंगमंचावरील नृत्य यांचा तिला अनुभव होता.

कथेत दुष्ट वजिराने राजाला कैद केले आहे आणि राजकन्या माधुरी बुरखा चढवून, हाती चाबूक घेऊन, गरिबांचे रक्षण करणारी ‘हंटरवाली’ होते. कथेच्या जडणघडणीत येथेही जोसेफ डेव्हिड यांचा हात होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. एकाच लेखकाच्या परंपरेतून आलेल्या दोन बोलपटांची भाषिक गरज किती भिन्न असू शकते, ते यातून दिसते. हंटरवालीचे काम मुख्यतः तीन प्रकारच्या वाक्यांवर भागते : हुकूम, धमकी आणि आव्हान. या तिन्हींमध्ये वाक्य जितके तुटक, तितके ते परिणामकारक. चाबकाचा आवाज आणि घोड्याच्या टापा उरलेला अर्थ पुरवतात. परकी वळणाचे उच्चार अशा वाक्यात फारसे खुपत नाहीत.

तथापि एवढ्यावर थांबणे अपुरे ठरेल. नादियाचे उच्चार खपवून घेतले गेले त्याला दुसरेही कारण आहे. ती गोऱ्या वर्णाची होती आणि तो ब्रिटिश अमदानीचा काळ होता. ज्या वर्गाकडे सत्ता असते त्या वर्गाच्या माणसाने आपली भाषा मोडकीतोडकी बोलली, तर ऐकणाऱ्याला कौतुक वाटते. तीच भाषा शेजारच्या प्रांतातील किंवा खेड्यातील माणसाने आपल्या वळणाने बोलली, तर हसू येते. साहेबाचे मोडके मराठी आपण आजही कौतुकाने ऐकतो आणि आपल्याच वस्तीवरच्या मुलाचे ‘न्हाई’ दुरुस्त करतो. उच्चारात नेमके किती अंतर पडले यापेक्षा ते अंतर कोणाकडून पडले, हे अनेकदा निर्णायक ठरते.

सारांश, आरंभीच्या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. एक चित्रप्रकाराचे : प्रत्येक प्रकार आपल्या पात्रांकडून ठरावीक जातीचे बोलणे मागतो. दुसरे समाजाचे : कोणाचा उच्चार माफ करायचा, हे बोलणाऱ्याच्या स्थानावरून ठरते.

४.३.५ मराठी बोलपट : रंगभूमीचा वारसा आणि ऐतिहासिक साहस

मराठीत काय घडले? प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट १९३२ साली आला. तो हिंदीतही स्वतंत्रपणे चित्रित झाला. त्यात राजा हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांनी केली. टेंबे हे संगीत रंगभूमीवरील नामवंत कलावंत होते. तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. मराठी बोलपटाला आरंभीच संगीत नाटकाची समृद्ध वाणी लाभली. गायन, पल्लेदार वाक्ये आणि स्वच्छ उच्चार ही तिची लक्षणे होती. ही मोठीच मिळकत होती. पण तिच्याबरोबर एक मापही आले : पडद्यावरचे मराठी म्हणजे रंगभूमीवरचे मराठी.

साहसाला मराठीत वाट मिळाली ती मुख्यतः ऐतिहासिक चित्रपटातून. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला होता. त्यात शांताराम यांनी शेलारमामाची भूमिका केली होती. त्याच शांताराम यांनी १९३३ साली प्रभातसाठी ‘सिंहगड’ बोलपट म्हणून दिग्दर्शित केला. एकच कथानक दहा वर्षांच्या अंतराने एकदा पाट्यांसह आणि एकदा आवाजासह सादर झाले. तान्हाजी कसा बोलत असेल, हा प्रश्न १९२३ साली विचारण्याचे कारण नव्हते. १९३३ साली त्याचे उत्तर द्यावेच लागले.

मास्टर विठ्ठल यांचा प्रवासही येथे पुन्हा मराठीशी जुळतो. भालजी पेंढारकर यांच्या ‘नेताजी पालकर’ (१९३९) आणि ‘बहिर्जी नाईक’ (१९४३) या मराठी ऐतिहासिक चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. पहिल्या बोलपटात ज्याला गप्प ठेवले गेले, तो नट आपल्या भाषेत आणि आपल्या कसबाला साजेशा चित्रप्रकारात पडद्यावर बोलला. भालजींनीच पुढे ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटात कोल्हापूरकडील बोलीला विनोदापुरते न ठेवता मुख्य पात्रांच्या सुखदुःखाची भाषा केले. पडद्यावर बोली नोकराच्या आणि विदूषकाच्या तोंडून नायकाच्या तोंडी येण्यास इतका अवधी लागला, ही बाब विचार करण्यासारखी आहे.

४.३.६ आज्ञार्थाचा दर्जा : पेडगावच्या वेशीवरचा प्रसंग

आता एक लहानसा भाषिक प्रयोग करू या. श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी पेडगाव येथे बहादूरगड आहे. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबासमोर आणले गेले ते याच ठिकाणी. समजा, या गडाच्या वेशीवर एक स्वार दौडत येतो आणि पहारेकरी त्याला अडवतो, असा प्रसंग आपणास लिहायचा आहे. पहारेकरी काय म्हणेल?

वेस्टर्न चित्रपटात या जागी इंग्रजीतील ‘स्टॉप’ हे क्रियापद पुरते. शेरीफ दरोडेखोराला हे म्हणतो आणि दरोडेखोर शेरीफलाही हेच म्हणू शकतो. मान दाखवायचा असेल तर ‘सर’सारखा शब्द जोडावा लागतो. क्रियापदाचे रूप बदलत नाही. मराठीत मात्र पुढील पर्याय उभे राहतात :

१. थांब! – स्वार अनोळखी, कनिष्ठ किंवा शत्रू. एकवचनी आज्ञार्थ.
२. थांबा! – स्वार प्रतिष्ठित वाटसरू किंवा एकाहून अधिक स्वार. अनेकवचनी किंवा आदरार्थी आज्ञार्थ.
३. आपण थांबावे. – स्वार सरदार. येथे विध्यर्थाचे रूप आहे आणि प्रयोग भावे आहे.
४. थांब रं! – स्वार ओळखीचा, बरोबरीचा. बोलीतील संबोधनाने आज्ञा सौम्य होते. स्त्री असेल तर ‘गं’.

तिसरे वाक्य विशेष पाहण्याजोगे आहे. भावे प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनातच राहते. त्यामुळे आज्ञा त्या व्यक्तीला थेट भिडत नाही. जणू ‘थांबणे घडावे’ एवढीच इच्छा व्यक्त होते. आदराचे व्याकरण हे असे अंतर राखण्याचे व्याकरण असते.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. घोड्यावरच्या नायकाला मराठीत आणताना केवळ शब्द मराठी करून भागत नाही. मराठीत सर्वांत आखूड संवाददेखील समाजरचना उघड करतो. पहारेकऱ्याने ‘थांब’ म्हटले आणि स्वाराने बुरखा काढल्यावर तोच पहारेकरी ‘थांबावे’ म्हणू लागला, तर एका प्रत्ययात कथानकाला कलाटणी मिळते. हे सामर्थ्य इंग्रजी आज्ञार्थात नाही. वेश पालटलेल्या राजपुत्राच्या किंवा राजकन्येच्या कथा आपल्याकडे का रंगतात, याचे एक कारण भाषेच्या या घडणीत शोधता येईल. समोरची व्यक्ती कोण हे कळेपर्यंत तिच्याशी कोणत्या रूपात बोलावे, हेच ठरत नाही.

४.३.७ ‘दोष’ म्हणजे काय?

वरील विवेचनाच्या आधारे ‘उच्चारदोष’ या कल्पनेकडे पुन्हा वळू या. वाचिक अवयवांच्या व्याधीमुळे उद्भवणारी अडचण हा वेगळा विषय आहे, तो येथे अभिप्रेत नाही. सामान्यतः ज्याला आपण दोष म्हणतो तो एका भाषारूपाच्या नियमांनी दुसऱ्या भाषारूपाचे केलेले मोजमाप असते. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणारा बोलीचा भाषक चुकत नसतो. त्याच्या बोलीच्या ध्वनिव्यवस्थेत ‘न’ आणि ‘ण’ यांचा अर्थभेदक विरोध नसतो आणि ती व्यवस्था तो नेटकेपणाने पाळत असतो.

याचा अर्थ प्रमाणभाषा शिकू नये असा होत नाही. मास्टर विठ्ठल यांच्या उदाहरणाचा तसा अर्थ लावणे चुकीचे ठरेल. ज्या प्रसंगी जे भाषारूप लागते ते अवगत असणे ही शक्ती आहे आणि विद्यापीठीय शिक्षणाने ती आपणास दिली पाहिजे. परीक्षेचे उत्तर, न्यायालयातील अर्ज, वृत्तपत्रातील लेख यांसाठी प्रमाण मराठी आवश्यक आहे, तसे बाजारात, बांधावर आणि घरात बोली आवश्यक आहे. ज्याला दोन्ही येतात त्याची भाषासंपत्ती अधिक. मात्र एक शिकताना दुसऱ्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. सतराव्या शतकात याच श्रीगोंद्यात शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. जन्माने मुसलमान असलेल्या या संताने मराठीला आपले म्हटले आणि मराठीने त्यांना. भाषा कोणाची, याचे उत्तर जन्मावर किंवा उच्चारावर अवलंबून नसते, तिच्यातून काय सांगितले जाते यावर ते अवलंबून असते.

म्हणून तोंडी परीक्षेत उत्तर ठाऊक असेल तर ते द्यावे. उच्चार नंतर घोटता येतो. न दिलेले उत्तर मात्र कोणत्याही उच्चारात बरोबर ठरत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) ‘हंटरवाली’च्या संवादांतील प्रमुख वाक्यप्रकार कोणते?
(आ) ‘आपण थांबावे’ या वाक्यातील प्रयोग ओळखा.
(इ) ‘सिंहगड’ हे कथानक मूकपट व बोलपट म्हणून अनुक्रमे कोणत्या वर्षी आले?

४.४ सारांश

बोलपट आल्यावर नटाचा आवाज ही नवी कसोटी निर्माण झाली. ‘आलम आरा’सारख्या वाणीप्रधान कथेत मास्टर विठ्ठल यांचे उच्चार उणे ठरले. वेस्टर्न चित्रपटाने मात्र थोडे बोलणारा नायक घडवला आणि अबोलपणाला गुण बनवले. ‘हंटरवाली’त हुकूम, धमकी व आव्हान यांच्या तुटक वाक्यांमुळे, तसेच तत्कालीन सत्तासंबंधांमुळे, नादियाचे परके उच्चार अडसर ठरले नाहीत. मराठी बोलपटाने रंगभूमीची वाणी स्वीकारली आणि साहसाला ऐतिहासिक कथेत स्थान दिले. मराठी आज्ञार्थात वक्ता व श्रोता यांचा दर्जा अंतर्भूत असल्याने आखूड संवादही अर्थसंपन्न होतो. उच्चारदोष ही निरपेक्ष वस्तू नसून प्रसंग, प्रकार आणि सामाजिक स्थान यांवरून ठरणारे मूल्यमापन आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

वाचिक अभिनय – वाणीच्या द्वारे केलेला अभिनय.
आंगिक अभिनय – शरीराच्या हालचालींतून केलेला अभिनय.
प्रमाणभाषा – शिक्षण, प्रशासन व लेखन यांसाठी समाजाने मान्य केलेले भाषारूप.
बोली – विशिष्ट प्रदेशातील किंवा समाजगटातील बोलण्याचे भाषारूप.
आज्ञार्थ – आज्ञा, विनंती किंवा उपदेश व्यक्त करणारे क्रियापदाचे रूप.
विध्यर्थ – कर्तव्य, इच्छा किंवा योग्यता सुचवणारे क्रियापदाचे रूप.
अर्थभेदक विरोध – ज्या ध्वनिभेदामुळे शब्दाचा अर्थ बदलतो तो भेद.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) बोलपट आल्यानंतर. (आ) जवळून जाणाऱ्या रेल्वेगाड्यांचा आवाज टाळण्यासाठी. (इ) खोऱ्यातील पाण्यावरील हक्काभोवती.
प्रश्न २ : (अ) हुकूम, धमकी आणि आव्हान. (आ) भावे प्रयोग. (इ) १९२३ आणि १९३३.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘चित्रप्रकार आपल्या पात्रांकडून ठरावीक जातीचे बोलणे मागतो’ हे विधान दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
२. मास्टर विठ्ठल आणि नादिया यांच्या उदाहरणांवरून उच्चार व सामाजिक स्थान यांचा संबंध विशद करा.
३. ‘बस’, ‘सोड’ आणि ‘सांग’ या धातूंची आज्ञार्थ व विध्यर्थ रूपे लिहून प्रत्येक रूप कोणत्या प्रसंगी वापरले जाईल ते सांगा.
४. टीपा लिहा : (अ) मूकपटातील पाट्या (आ) मराठी बोलपटावरील रंगभूमीचा प्रभाव.

४.८ क्षेत्रीय कार्य

१. आपल्या गावातील सत्तर वर्षांवरील दोन व्यक्तींना भेटा. जत्रेत किंवा तंबूत पाहिलेल्या चित्रपटांतील त्यांना कोणते प्रसंग आठवतात आणि कोणते संवाद आठवतात, याची स्वतंत्र नोंद करा. त्यांचे बोलणे जसेच्या तसे, त्यांच्या बोलीत लिहून घ्या. दुरुस्त करू नका.
२. पेडगावच्या वेशीवरील प्रसंग आपल्या परिसरातील बोलीत दहा ओळींत लिहा. नंतर तोच प्रसंग प्रमाण मराठीत लिहा आणि दोन्हींत काय गमावले व काय कमावले, ते पाच वाक्यांत नोंदवा.